दोरांवर पाणी

संत पीटरच्या चौकात, इजिप्तहून आणलेल्या त्या उंच दगडी खांबाच्या पायथ्याशी, सेत्तिमिओच्या हातातली पावाची पिशवी खाली पडली. झालं ते एवढंच. मार्चमधला गुरुवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. पाव घेऊन बोर्गोतल्या आपल्या घरी जायचा त्याचा रोजचा रस्ता चौकातूनच होता, आणि छत्री उंच धरलेली कुणीतरी बाई पर्यटकांना खांबाची गोष्ट सांगत असायची तीही रोजचीच. तो कान झाकून घेतल्यासारखा पुढे जायचा. आज मात्र एका घोळक्याने त्याला मध्येच गाठलं, चारी बाजूंनी माणसं झाली आणि बाहेर पडेपर्यंत गोष्ट सुरू झालीसुद्धा. साडेचारशे वर्षांपूर्वी हा खांब चर्चच्या बाजूला चिखलात उभा होता. पोपसाहेबांना तो चर्चच्या पुढ्यात हवा होता. नऊशे माणसं, दीडशे घोडे, गाडाभर दोरखंड. काम चालू असताना ज्याच्या तोंडून शब्द निघेल त्याला फाशी, असा हुकूम होता आणि फाशीचा खांब चौकातच उभा करून ठेवला होता. बाईने ओठांवर बोट ठेवलं, तशी तीस-पस्तीस धडधाकट माणसं शाळेतल्या पोरांसारखी हाताची घडी, तोंडावर बोट करून उभी राहिली. निम्मा खांब वर गेला आणि दोर तापले, ढिले पडले, तुटायला आले. सगळ्यांना दिसत होतं. बोलणार कोण? त्या शांततेत सेत्तिमिओने ओरडायला तोंड उघडलं. शब्द निघाला नाही, पिशवी मात्र हातातून सुटली. मग बाईने आधीच पढवून ठेवलेला एक जाडा माणूस त्या वेळच्या एका खलाशाच्या वतीने ओरडला, "दोरांवर पाणी ओता!" ओले दोर आवळले, खांब उभा राहिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजोबा, पिशवी पडली तुमची," बाई म्हणाली. रोमचीच होती, बोलण्यावरून कळत होतं.

"त्या खलाशाला फाशी दिली असती," सेत्तिमिओ म्हणाला, "तर सांगितली असतीत ही गोष्ट?"

"पण दिली नाही ना. उलट बक्षीस मिळालं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चला ताडाची पानं पुरवायचा मान, पिढ्यान्‌पिढ्या."

"आणि जे नऊशे लोक गप्प बसले त्यांचं काय झालं?"

बाई हसली. "आजोबा, त्यांच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार?" एवढं बोलून ती छत्री उंच करून कारंज्याकडे निघाली, आणि घोळका तिच्यामागून गेला.

तो घरी गेला नाही. पाव त्याने चौकाच्या कडेला बसणाऱ्या म्हातारीच्या मांडीवर ठेवला आणि एकोणीस नंबरची ट्राम पकडली. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला ट्राम नदी ओलांडेपर्यंत कळलं नव्हतं असं तो पुढे स्वतःला सांगू शकला असता, पण ते खोटं होतं. एकोणीस नंबर चेंतोचेल्लेला जाते आणि चेंतोचेल्लेत इओले राहते, त्याच्या मेलेल्या मित्राची, एल्व्हिओची बायको. बारा वर्षं तो याच ट्रामने वर्षातून एकदा, नाताळाच्या आदल्या आठवड्यात, गोड पावाचा डबा घेऊन तिच्याकडे जायचा. एल्व्हिओ कसा मेला हे सांगायला म्हणून निघायचा आणि डबा देऊन परत यायचा. इओले त्याला कॉफी द्यायची आणि नवऱ्याला नावं ठेवायची. ढिला होता, विसराळू होता, कामात लक्ष नव्हतं, स्वतः मेला आणि मला मागे ठेवून गेला. सेत्तिमिओ कपातल्या कॉफीकडे बघत मूग गिळून बसायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, पुढच्या वर्षी सांगू, जखम ओली आहे. पुढच्या वर्षी वाटलं, खपली धरली आहे, कशाला काढा. माणसाला गप्प बसायचं असलं की जखम कधीच सोयीची नसते.

इजिप्तचे असे खांब रोममध्ये ठिकठिकाणी उभे आहेत, आणि तिथल्या जुन्या माणसांसाठी ते म्हणजे सुया. सेत्तिमिओ आणि एल्व्हिओ तीस वर्षं या सुयांवर चढले. परांच्या बांधायच्या, दोर लावायचे, कप्प्या अडकवायच्या, वर साफसफाई करणाऱ्या बायांना आणि त्यांच्या बादल्यांना वर चढवायचं, काम झालं की सगळं उतरवायचं. खांबावर काय कोरलंय ते दोघांनाही वाचता येत नव्हतं, पण घुबड कुठे आहे, बदक कुठे आहे, कुठल्या बदकाची चोच पडली आहे हे अंधारातही हात लावून सांगितलं असतं. एल्व्हिओ बदकांना नावं द्यायचा, सगळी आपल्या सासरच्या माणसांची. सेलिओ टेकडीवरच्या बागेतली लहान सुई उभारताना दोर सटकले आणि एका मजुराचे हात खाली सापडले, ते अजून तिथेच आहेत, असं जुने लोक सांगत. त्या सुईपाशी काम असलं की एल्व्हिओ सकाळी गेल्या गेल्या दगडावर टकटक करून म्हणायचा, "काय रे बाबा, खाज सुटली तर सांग." असला वात्रटपणा. पण गाठ मारताना तो हसायचा नाही. गाठ मारायची, ओढून बघायची, मग तिच्यावर आणखी एक. बुटाच्या नाड्यासुद्धा दुहेरी बांधायचा. ढिला माणूस! सेत्तिमिओने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. काच गार होती आणि थरथरत होती.

धंद्याचा एक नियम होता. ओझं जमिनीवरून सुटलं की बोलायचं फक्त मुकादमाने. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हाताने खूण केली तर तीही मुकादमाने विचारल्यावर. चौघांनी चार सूचना केल्या की कप्पीवरचा माणूस गोंधळतो आणि गोंधळलेल्या माणसाच्या हातून ओझं सुटतं. नियम चांगला होता, त्याने माणसं वाचवली होती, हे सेत्तिमिओ आजही कबूल करेल. पण नियम शिकवताना प्रत्येक मुकादम खलाशाची गोष्टही सांगायचा, आणि गोष्ट ऐकून पोरांनी विचारलं की मग ओरडायचं की नाही, तर म्हणायचा, "तू खलाशी असशील तर ओरड." सगळे हसायचे. त्यावर कुणी पुढे काही विचारायचं नाही.

एल्व्हिओ मेला त्या आठवड्यात एका सुईच्या टोकावरचा काशाचा तारा साफ होऊन परत आला होता आणि तो वर चढवायचा होता. मुकादम नाझारेनो. मंगळवारी रंगीत तालीम म्हणून तेवढ्याच वजनाची वाळूची पोती चढवली, आणि पोती मध्यावर असताना सेत्तिमिओला दोर घसरताना दिसला. तो ओरडला, "थांबा!" सगळं थांबलं. खाली सरकारी खात्याच्या दोन बाया उभ्या होत्या, एकीच्या हातातले कागद उडाले. दोर घसरला नव्हता. उडत गेलेल्या पाकोळीची सावली दोरावरून गेली होती. नाझारेनो सावकाश शिडी उतरून आला, सेत्तिमिओपुढे उभा राहिला आणि टोपी काढून वाकला. "आले, खलाशीबुवा आले. बादली आणा रे, दोरांवर पाणी ओता, आणि यांना ताडाची पानं द्या!" दिवसभर तेच. जेवताना कुणीतरी त्याच्या डब्यात पाणी शिंपडलं. आणि एल्व्हिओ हसला. सगळ्यांच्या आधी हसला, सगळ्यांपेक्षा जास्त हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रागावू नकोस रे खलाशा," म्हणून त्याने पाठीवर थापही मारली. सेत्तिमिओ रागावला नाही, निदान तसं म्हणाला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कुणी हसलं म्हणून.

बुधवारी तारा चढवायला घेतला. काशाला कडा असते, ती पट्टा कापते, म्हणून पट्टा आणि कडा यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, घडी घालायची. ते काम एल्व्हिओचं होतं आणि त्याने घडी घातली, दुहेरी. मग तो खाली जाऊन ओढदोर धरून उभा राहिला. ओझं दुसऱ्या मजल्यापाशी आलं आणि नमद्याचं टोक परांचीच्या आडव्या नळीत अडकलं. नाझारेनोने हात लांबवला, नमदा ओढून काढला, आपल्या फळीवर टाकला आणि वर चढवायची खूण केली. सेत्तिमिओ समोरच्या बाजूला, एक मजला वर होता. उघडा पट्टा कडेवर बसलेला त्याला दिसला. पट्ट्याचे धागे एकेक करून उभे राहताना दिसले. पट्टा तुटून तारा एल्व्हिओवर पडेपर्यंत 'नमो मरिये' ही प्रार्थना एकदा म्हणून होईल इतका वेळ गेला. त्याने नंतर घड्याळ लावून पाहिलं होतं, पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. सावकाश म्हटली तर एकोणीस सेकंद. तेवढ्या वेळात एल्व्हिओ रस्त्यापलीकडे गेला असता. त्या एकोणीस सेकंदांत आपण काय करत होतो हे सेत्तिमिओला बारा वर्षांत कळलेलं नाही. नियम पाळत होतो? सावली असेल असं वाटलं? नाझारेनोची टोपी आठवली? की खाली दोर धरून, मान वर करून उभा असलेला, काल सगळ्यांपेक्षा जास्त हसलेला तो चेहरा बघत होतो? त्या शेवटच्या प्रश्नापाशी आला की तो पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळायचा. एल्व्हिओने वर पाहिलं होतं, आणि त्याच्याकडेच पाहिलं होतं, हे मात्र त्याला नक्की आठवत होतं.

पुढचं सगळं सरळ झालं. नमदा नाझारेनोच्या पिशवीत गेला. चौकशीला आलेल्या माणसाला नमदा कुठेच सापडला नाही, म्हणजे तो घातलाच नव्हता, आणि घालायचं काम मयताचं होतं. "आपण सगळे वर टोकाकडे बघत होतो, काय?" नाझारेनो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. "मी वर टोकाकडे बघत होतो," या वाक्याखाली सेत्तिमिओची सही आहे. सही चांगली आली होती. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू, असं शेवटी ठरलं. नाझारेनो गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हा सेत्तिमिओच्या मनात आलं की आता आपल्याला कुणाची भीती नाही. त्यालाही चार महिने झाले.

ट्राम चेंतोचेल्लेला पोचली तेव्हा अकरा वाजले होते.

इओलेने दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. "तू? नाताळ नाही, ईस्टर नाही. कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग पाय पूस आणि आत ये. गुरुवार आहे, न्योक्की करतेय. मिर्को येतो आईकडे जेवायला, दर गुरुवारी येतो, बायको चिडते तरी येतो." ती पुन्हा टेबलापाशी गेली. बटाट्याच्या कणकेची लांब वळी केली होती, तिचे तुकडे करून एकेक तुकडा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून सोडत होती. "आज बटाटा पाणचट निघालाय. विकणारा म्हणाला जुना आहे, मीही डोळे झाकून घेतला. तुझ्या मित्राची संगत, दुसरं काय. त्याला बाजारात पाठवलं की नेमकं नको तेच आणायचा. बस की, उभा का?"

तो बसला. कोट काढला नाही. त्याला वाटलं, कोट काढला तर कॉफी येईल, कॉफी आली तर आपण पिऊ, आणि पिऊन झाली की जाऊ.

"इओले, नमदा त्याने घातला होता."

अंगठा थांबला. "काय?"

"पट्ट्याखाली. दुहेरी घडी करून घातला होता. मी पाहिलं. नाझारेनोने काढला, नळीत अडकला म्हणून. तेही पाहिलं."

इओलेने हात एप्रनला पुसले, मग पुन्हा बघितले आणि पुन्हा पुसले. "दुहेरी?"

"दुहेरी."

"आणि पट्टा?"

"कापला जात होता. तेही दिसत होतं."

"मग तू ओरडला का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर त्याने बारा वर्षं तयार ठेवलं होतं. "नियम होता," तो म्हणाला. आणि ते उत्तर बाहेर पडल्यावर इतकं बापुडवाणं दिसलं की त्याच्या तोंडून दुसरंही निघून गेलं. "आदल्या दिवशी मी उगाच ओरडलो होतो. सगळे हसले मला. एल्व्हिओही हसला."

"तो हसला म्हणून?"

"माहीत नाही, इओले. आईची शपथ, माहीत नाही. रोज विचार करतो."

 चार-पाच न्योक्की तिने वळल्या, नीट वळल्या, ओळीत मांडल्या. चुलीवरचं पाणी वाजायला लागलं होतं. सेत्तिमिओला वाटलं ती आता मारेल, आणि तिने मारावं असं त्याला फार वाटलं. तो घाईघाईने बोलू लागला. वकिलाकडे जाऊ, लिहून देतो, माझी सही खोटी होती असं लिहून देतो, माझं काय करायचं ते करू देत, त्याचं नाव तरी स्वच्छ होईल.

"वरातीमागून घोडं घेऊन आलायस," इओले म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ते कपाट उघड. वरचा खण. निळा लिफाफा आहे."

लिफाफ्यात प्रिमा पोर्ताच्या दफनभूमीचं पत्र होतं. दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे खालील कबर उघडण्यात येत आहे. कुटुंबीयांनी अमुक तारखेला हजर राहावं आणि अस्थींचं काय करायचं ते कळवावं. कुणी न आल्यास अस्थी सामाईक अस्थिकूपात ठेवण्यात येतील. खाली एल्व्हिओचं नाव, कबरीचा क्रमांक. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली होती. सेत्तिमिओने पत्र दोनदा वाचलं. असं पत्र प्रत्येकाच्या घरी येतं, त्याच्या स्वतःच्या बापाचं आलं होतं. तो गेला होता, लहान पेटीत घालून बापाला आईशेजारच्या कोनाड्यात ठेवलं होतं. सगळेच ठेवतात.

"गेली नाहीस?"

"मिर्को म्हणाला, आई, चल, कोनाडा घेऊ, तुझीही सोय होईल शेजारी. मी म्हटलं, ज्याला स्वतःच्या जिवाची काळजी नव्हती त्याच्या हाडांची काळजी मी का करू? तू गेलास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हटलं. लेकरू गेलं नाही. त्या दिवशी मी घरीच बसले, मुद्दाम. घड्याळ बघत बसले. आता उघडत असतील, आता काढत असतील. म्हटलं, बस आता वाट बघत, मीही बघितली तुझी." ती खुर्चीवर बसली. पीठ लागलेले हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते. "मला राग हवा होता रे. रागावर मी दिवस काढले. सकाळी उठून त्याच्या फोटोला दोन शिव्या घातल्या की चूल पेटवायचं बळ यायचं. तू दर नाताळाला यायचास, कॉफी प्यायचास. त्या मे महिन्याच्या आधीचा नाताळ, तेव्हा पत्र आलेलंच होतं. या टेबलावरच होतं, डब्याखाली."

सेत्तिमिओला डबा आठवला, पत्र आठवलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून ओढून आणलेले दगड या गावाने चिखलातून उकरून काढले, तीन तुकडे झालेले सांधले, पुन्हा उभे केले. कुठला तुकडा कुठे पडला होता याची नोंद आहे, आणि त्यातल्या कितीतरी तुकड्यांना त्याचे स्वतःचे हात लागले होते. एल्व्हिओचा आता तुकडाही वेगळा काढता येणार नव्हता. ज्यांचं कुणी आलं नाही अशा माणसांच्या ढिगात तो कुठेतरी होता, निष्काळजी म्हणून. हे मी केलं, सेत्तिमिओच्या मनात आलं. नाझारेनोने त्याला एकदा मारलं, मी दर नाताळाला मारलं.

"कुणाची माफी मागू मी आता?" इओले म्हणाली. "कुठे जाऊन मागू, सांग ना."

सेत्तिमिओने पत्रातला कबरीचा क्रमांक पुन्हा वाचला, तोच पत्ता असावा तसा.  भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते. जिन्यात पावलं वाजली, तशी इओले उठली, तिने पाण्यात मीठ टाकलं आणि न्योक्कीचं ताट उचललं.

"आला तो. लहानपणी दर वाढदिवसाला विचारायचा, आई, बाबा खरंच तसे होते का? मी हो म्हणायचे. मग विचारायचा बंद झाला." तिने त्याच्याकडे पाठ केली. "तू सांग त्याला. माझ्याच्याने होणार नाही."

कुलपात किल्ली फिरली. मिर्को आत आला, एल्व्हिओएवढाच उंच, एल्व्हिओसारखाच दारात मान किंचित वाकवून. सेत्तिमिओला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे, काका! तुम्ही!" त्याने सेत्तिमिओला मिठी मारली, दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि खांदे धरून त्याला पुन्हा खुर्चीवर बसवलं. "बरं झालं आलात. जेवूनच जायचं."